फ्रिजवर लावलेला वॉचर

बदलांवर नजर ठेवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. गोदामातला माल कमी झाला, गाडी उशिरा निघाली, कुणी ऑर्डर रद्द केली, की स्क्रीनवरचा आकडा आपोआप बदलला पाहिजे. त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये वॉचर लिहायचे. वॉचर म्हणजे एखाद्या गोष्टीवर पाळत ठेवून बसलेला कोड. ती गोष्ट बदलली की तो नेमून दिलेलं काम करतो. नाही बदलली तर ढिम्म हलत नाही. असे वॉचर लिहून लिहून माझं डोकं आंबून गेलं होतं, आणि तरी आई गेल्यावर मी आणखी एक लिहिला. बाबांच्या फ्रिजवर.

बाबा एकटे राहतात. दादा दूरदेशी, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. कॅमेरा लावू म्हटलं तर बाबा उखडले. "मी काय दागिन्यांचं दुकान आहे?" शेवटी फ्रिजच्या दारावर तडजोड झाली. दार उघडलं की माझ्या आणि दादाच्या मोबाइलवर संदेश येणार. म्हणजे बाबा उठलेत, हिंडताहेत, खाताहेत. पण बाबांनी एक अट घातली.

"तुम्ही बघाल तेव्हा मलाही कळलं पाहिजे. चोरून बघायचं नाही."

म्हणून फ्रिजवर एक छोटा हिरवा दिवा बसवला. संदेश वाजला आणि आमच्यापैकी कुणी तो बघायला मोबाइलवरचं ॲप उघडलं की दिवा लागायचा, बंद केलं की विझायचा. दादाने आणि मी पाठ थोपटून घेतली आणि आपापल्या कामाला लागलो.

मग महिन्याभराने दादाचा फोन आला. आवाज अगदी हळू, म्हणजे त्याने आधीच सगळं ठरवलं होतं.

"तू ॲपमधला फ्रिजच्या नोंदींचा आलेख बघितलास का? दुपारभर फ्रिज उघडताहेत. उघडतात, बंद करतात, परत उघडतात. त्यांना आठवत नाहीये गं, कशाला उघडला ते. मी एका वृद्धाश्रमाशी बोललोय. खोली रिकामी आहे, रविवारपर्यंत कळवायचंय."

"अरे, माझ्याच कोडमध्ये घोळ असेल," मी म्हटलं. "एक दार उघडलं की दहा नोंदी होत असतील."

"मग शोध. पण रविवारपर्यंत."

त्या घरातून बाबांना उठवायचं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. तिथल्या प्रत्येक खिळ्यावर त्यांचा हात फिरलाय. ते एका शब्दाने विरोध करणार नाहीत, बॅग भरतील, आणि तिथे जाऊन गप्प बसतील. मला ते नको होतं. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच मी देवाकडे मागणं मागितलं की माझ्या कोडमध्ये चूक निघू दे.

माझा संशय एकाच ठिकाणी होता. आमच्या धंद्यात एक चूक सगळेच कधी ना कधी करतात. वॉचर ज्या गोष्टीवर पाळत ठेवून असतो, नेमकी तीच तो स्वतः बदलून बसतो. मग ती बदलली म्हणून पुन्हा धावतो, पुन्हा बदलतो, घाण्याच्या बैलासारखा गरगरत राहतो. दिवा लागल्याची नोंद चुकून फ्रिजच्या नोंदीत शिरत असेल, असं मी धरून चालले.

ऑफिसचं काम बाजूला सारून मी कोड उलटापालटा केला. साहेब दोनदा मागे येऊन खाकरून गेले. काही सापडेना, तेव्हा टेस्टरबाईंना शरण गेले. या बाई लोकांच्या कोडमधल्या चुका काढतात आणि वर चहाही त्यांच्याकडूनच उकळतात. त्यांनी सगळं नीट तपासलं.

"तुझा कोड स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "कधी नव्हे ते. प्रत्येक नोंदीला दार खरंच उघडलंय."

मला हसू आलं नाही. म्हणजे दादाचं खरं होतं.

शनिवारी दुपारी मी बाबांकडे गेले. न कळवता. माझ्याकडची किल्ली लावून आत शिरले. स्वयंपाकघरातून फ्रिजच्या दाराचा आवाज आला. बाबा फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी दार उघडलं. आत बघितलंच नाही. मान वर करून दिव्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने दार लावलं, जरा थांबले, पुन्हा उघडलं.

"बाबा, काय करताय?"

ते दचकले, मग खूश झाले. "अगं, तू कशी? बरं झालं आलीस. हे तुझं यंत्र बिघडलंय. आधी दार उघडलं की लगेच दिवा लागायचा. आता उघडलं तरी लागत नाही, लागला तर भलत्याच वेळी. कुठलीतरी वायर ढिली झाली असणार, म्हणून मी आपला उघडझाप करून बघतो. परवा दूधसुद्धा नासलं त्यापायी."

"दिवा लागून काय करायचंय तुम्हाला?"

"करायचं काय त्यात?" ते जरा ओशाळले. "फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस. दादाकडे रात्र असते. दिवा लागला की कळतं, पोरं बघताहेत. मग मी चहा ठेवतो."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. दिवा का लागत नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. ऑफिसात सारखा मोबाइल वाजतो म्हणून साहेब वैतागले होते, तेव्हा मी बाबांच्या संदेशांचा आवाज बंद करून टाकला होता. संध्याकाळी सावकाश बघू म्हटलं होतं. कधी बघायचे, कधी तेही राहून जायचं. आलेख तेव्हापासूनच चढत गेला होता. मी बघत नव्हते म्हणून बाबा दार उघडत होते, आणि ते दार उघडत होते म्हणून आम्ही त्यांना घराबाहेर काढायला निघालो होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूही येईना.

"बाबा, वायर ठीक आहे. मी मोबाइलचा आवाज बंद केला होता."

"असं होय," बाबा म्हणाले. "असू दे. कामं असतात तुम्हाला."

मी तिथूनच दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मीही बंदच केला होता गं," तो म्हणाला. "खोली नको म्हणून कळवतो."

मी मोबाइलचा आवाज चालू केला. चालतंय का बघावं म्हणून ॲप उघडलं. फ्रिजवरचा हिरवा दिवा लागला.

"लागला बघ!" बाबा म्हणाले. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. ते दिव्याकडे बघून हसले, जणू त्यातून कुणी बघतंय तसा केसांवरून हात फिरवला, आणि चहा ठेवायला उठले.