भाच्याची रॅकेट

खेळाच्या सामानाच्या दुकानात शिरल्यापासून मिस्त्रींना धड उभं राहवत नव्हतं. एक रॅकेट उचलायची, हवेत अर्धवट फिरवायची, बायकोकडे चोरून बघायचं आणि ठेवून द्यायची. बारा वर्षांच्या भाच्याचा वाढदिवस आलाय, त्याला बॅडमिंटनची रॅकेट देऊ, असं त्यांनी घरातून निघताना बायकोला सांगितलं होतं. थाप होती ती, निव्वळ थाप. भाचा फोनमधून मान वर काढेल तर शपथ. रॅकेट हवी होती मिस्त्रींना स्वतःला, आणि तीही उद्या सकाळी आठच्या आत, वर्कशॉपातल्या दोस्तांबरोबर ठरलेल्या खेळासाठी.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करणारे. सात महिन्यांपूर्वी एका इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत, त्यांच्या छातीत कळ आली आणि ते तिथेच बसले. आता हृदयाच्या नळीत जाळी बसवलीय आणि मिस्त्रींना बसवलंय ऑफिसात, तक्रारींचे फोन घ्यायला. लिफ्टमध्ये माणूस अडकायचा आणि हे खुर्चीतून दुसऱ्याच कुणाला तरी धाडायचे. जीव नुसता तळमळायचा. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासणीच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं आणि म्हणाले, डबल्स खेळा हळूहळू, मर्दुमकी गाजवू नका. मिस्त्रींनी घरी यातलं अक्षर काढलं नाही. ते हॉस्पिटलात असतानाच बायकोने जुनी रॅकेट कुणाला तरी देऊन टाकली होती, तिथे बोलणार काय? आणि दोन दिवसांपासून डावा खांदा धरला होता, तेही ते बोलले नव्हते. उशीमुळे असेल, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

दुकानदार म्हातारा आणि भारी बोलघेवडा. भाचा बारा वर्षांचा म्हटल्यावर त्याने पोरांच्या आखूड रॅकेटी मांडल्या. मुलगा अंगाने थोराड आहे, मोठ्यांचीच दाखवा, हजाराच्या आत, असं मिस्त्रींनी घाईघाईने सांगितलं. मग दोन पुढे आल्या. एक अ‍ॅल्युमिनियमची, दांडी चौकटीला जोडलेली. दुसरी ग्रॅफाइटची, अखंड, पंच्याऐंशी ग्रॅमही भरणार नाही अशी. बायकोने पहिली उचलली. पोरं आपटतात, दणकट असलेली बरी, शिवाय स्वस्त, असं तिचं म्हणणं, आणि भाच्यापुरतं ते अगदी रास्त होतं. मिस्त्रींची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर कुठल्या तोंडाने?

त्यांनी ग्रॅफाइटची हातात घेतली आणि सोडवेना. डोकं जड नव्हतं, दांडी लवचीक होती; खांद्याला फार त्रास न देता शटल मागच्या रेषेपर्यंत गेलं असतं. तारा किती ताणू, असं दुकानदाराने विचारलं. अठ्ठावीस पाउंड, चांगले खेळाडू तेवढंच ठेवतात, मिस्त्री बोलून गेले. म्हातारा हसला. हौशी हाताला बावीस पुष्कळ, म्हणाला, इतक्या ताणलेल्या तारांवरून शटल लांब जात नाही आणि मग माणूस जिवाच्या आकांताने मारत सुटतो.

"बावीसच ठेवा," बायको म्हणाली. "भाचा एक्कावन्न वर्षांचा आहे."

मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. डॉक्टरांचा कागद शर्टाच्या खिशात राहिला होता आणि शर्ट धुवायला तिनेच घेतला होता. एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

ती ओरडली नाही. खेळायला माझी ना नाही, असंच म्हणाली. पण मग तिचा आवाज चिरकला.

"त्या दिवशी सकाळपासून तुमच्या छातीत दुखत होतं, तरी डबा घेऊन निघालात. माझ्या नवऱ्याला काय झालं ते मला त्या इमारतीच्या वॉचमनने फोन करून सांगितलं. परत तसला फोन मला नकोय."

दुकानदार उगाच शटलचे डबे सारखे करत राहिला. मिस्त्रींनी रॅकेट या हातातून त्या हातात घेतली. आपण जिना चढताना पायऱ्या मोजतो, मध्येच थांबून आत सगळं चालू आहे ना ते ऐकतो, एकदा मोकळेपणी धावून बघायचं म्हणून ही सगळी धडपड, असं कायकाय ते भरभर सांगत सुटले. सात महिन्यांत एवढं ते कधी बोलले नव्हते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आणि आत्ता?" तिने विचारलं. "आत्ता कुठे दुखतंय का?"

नाही, हे सवयीने ओठांवर आलंच होतं. उद्याचे आठ डोळ्यांसमोर होते. बॅडमिंटनचा हॉल, नेट, वर्कशॉपची दोस्तमंडळी. एकदा हो म्हटलं की सगळं बोंबललं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती घाबरली होती, आणि त्यांच्या तोंडून काय येतंय त्याची वाट बघत होती.

"खांदा," मिस्त्री म्हणाले. "डावा. दोन दिवस झाले."

तिने त्यांच्या हातातून रॅकेट काढून घेतली, अलगद दुकानदाराच्या पुढ्यात ठेवली आणि नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"हीच बाजूला ठेवा," ती दुकानदाराला म्हणाली. "तारा एवढ्यात ताणू नका. आम्ही डॉक्टरांकडे जाऊन येतो."