दारावरून परत पाठवलेला पासवर्ड

मी पासवर्ड बोलतोय. जुना म्हणा हवं तर. जुना झालोय हे मलाही परवाच कळलं.

एका प्रोग्रामर बाईने नोकरीच्या पहिल्या दिवशी मला घडवलं. कीबोर्डवर बोटं ठेवून बराच वेळ विचार केला, गालातल्या गालात हसली आणि मी जन्मलो. मग 'लक्षात ठेव' म्हणून तिने मला संगणकाच्या हवाली केलं. तिच्या टीमचं सगळं कोडिंग दूरच्या एका सर्व्हरवर असतं. 'रेपो' म्हणतात त्याला. तिने काम पाठवलं की मी पुढे पळायचो, ओळख पटवायचो, दार उघडायचं. तिला माझी आठवणसुद्धा काढावी लागत नसे. याला मी विश्वास समजत होतो.

परवा मला दारावरूनच हाकललं. चुकीचा पासवर्ड! मी आणि चुकीचा? पुन्हा गेलो, पुन्हा तेच. इकडे बाई रडकुंडीला आलेली. दुपारी साहेब गिऱ्हाइकाला तिचं काम दाखवणार होते आणि ते तिच्याच संगणकात अडकलेलं. तिने नेट तपासलं, रेपोचा पत्ता तपासला, संगणक बंद करून चालू केला. सर्व्हरला शिव्या घालून झाल्या.

शेवटी शेजारच्या टेबलावरचे काका आले. चाळिशीच्या आत केस पांढरे झाले म्हणून सगळे त्यांना काका म्हणतात.

"पासवर्ड बदललास का गं एवढ्यात?"

"कालच बदलला, वेबसाइटवर जाऊन. पण इथे मला विचारतच नाहीये हो!"

"विचारेल कशाला? जुना जपून ठेवलाय ना. तोच पुढे करतोय."

"अगं बाई! मग उडवा की त्याला."

काल बदलला! आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. सकाळपासून मी हिच्यासाठी तोंडावर दार आपटून घेतोय. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

काकांनी मला शोधून दिलं, बटण तिने स्वतः दाबलं. संगणकाने लगेच नवा पासवर्ड विचारला, काम पोचलं, "सुटले बाई!" म्हणत ती चहाला गेली.

पण मी मेलो नाही. बँकेत, दवाखान्यात, विजेच्या बिलाला तिने मलाच जुंपलंय आणि ते ती साफ विसरलीये. मी कोणता शब्द आहे, ते इथे नुसतं बोललो तरी तिची झोप उडेल. जीभ शिवशिवतेय, खोटं कशाला बोलू?

पण तिने इमान सोडलं म्हणून मीही सोडू? हात जोडतो, मला माझं नाव विचारू नका.