बावीस चटया

आमच्या बेटावर अकरा वर्षांत समुद्राने एकही माणूस नेला नाही, असे देशाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या छापील पुस्तकात आहे. ते तसे छापले जाण्यास मी जबाबदार आहे. ही हकीकत दुसऱ्या कोणी सांगितलेली मला चालणार नाही, म्हणून मीच सांगते.

मी चौतीस वर्षे येथील शाळा चालवली आणि दोन जनगणनांत या बेटाची प्रगणक होते. राजधानीहून कोरे तक्ते येत. मी भरून पाठवलेल्या तक्त्यांवर तिकडून कधी एक शंका आली नाही. खाडाखोड असलेला कागद मी आयुष्यात कोणाला दिलेला नाही.

आमच्या सभाघरात प्रत्येक घराची जागा ठरलेली असते, आणि त्या जागेवर प्रत्येक माणसाची केवड्याच्या पानांची स्वतःची चटई. माणूस समुद्रावर गेला तरी चटई अंथरलेलीच राहते. तिच्यावर कोणी बसत नाही, तिला कोणी ओलांडत नाही. त्याच्याविषयी विचारले, तर "आहे" एवढेच सांगायचे. देह कोणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चटई उचलत नाहीत. उचलली, तर त्याला परत येऊन बसायला जागा उरत नाही, आणि ज्याला जागा नाही तो पाण्यात उभाच राहतो.

अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या बेटाचे सभाघर शाकारायला आमचे बावीस पुरुष एका होडीतून गेले. सुकाणूवर माझा मुलगा तेकाबू होता. काम संपवून ते परत निघाले, इतके तिकडच्या लोकांनी पाहिले. पुढचे कोणी पाहिले नाही. वर्षभराने जनगणना आली, तेव्हा मी बावीस नावांपुढे "समुद्रावर" असे लिहिले. आमच्या देशातले निम्मे पुरुष जहाजांवर नोकरी करतात. कार्यालयाला त्यात काही वावगे दिसले नाही. पाच वर्षांनी मी पुन्हा तेच लिहिले.

गेल्या वर्षी उधाणाचे पाणी अळूच्या खाचरांत शिरले आणि कंद खारट झाले. पश्चिमेला बंधारा हवा, असा अर्ज आम्ही केला. सरकारने चारशे गोणी सिमेंट पाठवले. माणसे पाठवली नाहीत. पुस्तकाप्रमाणे बेटावर सव्वीस कामकरी पुरुष असल्याने मजुरांची आवश्यकता दिसत नाही, असे पत्रात होते. सव्वीसांपैकी चारच जमिनीवर होते, आणि त्यांत माझे दीर बाउरो, वय वर्षे अडुसष्ट. पावसाने गोणी जागच्या जागी दगड झाल्या. वरचा कागद कुजून गेला, त्याच्या घड्या मात्र दगडावर उमटून राहिल्या.

यंदाच्या मोठ्या उधाणाला तेवीस दिवस होते, तेव्हा मालवाहू जहाजातून माझी नात तिरिआता उतरली. तेकाबूची मुलगी. बारा वर्षांची असताना मी तिला राजधानीला शिकायला पाठवले होते. आता ती त्याच सांख्यिकी कार्यालयात नोकरीला होती आणि आमचे बेट मोजायला आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सभाघरात आली. साऱ्या गावाने नीरा आणि भाजलेला नीरफणस पुढे ठेवून तिची वाट पाहिली होती. तिने खाण्याला हात लावला नाही. चटयांच्या रांगेच्या कडेकडेने, एकही न ओलांडता, ती शेवटपर्यंत चालत गेली आणि परत आली.

"आजी, एकसष्ट चटया आहेत. माणसं एकोणचाळीस."

"बावीसजण समुद्रावर आहेत," मी म्हणाले.

"अकरा वर्षं?"

बाउरो हसले. "अगं, तुझा बाप पहिल्यापासून सावकाश वल्हवायचा."

कोणी हसले नाही. तिने बाउरोंकडेही पाहिले नाही.

"आजी, तू मला पाढे शिकवलेस. चुकले की हातावर पट्टी मारायचीस. आता मी तुला सांगते, ते ऐक. बंधाऱ्यासाठी मजूर कुठे पाठवायचे, ती यादी आमच्या आकड्यांवरून बनते. शुक्रवारी बंद होते. एकोणचाळीस माणसं आणि चार पुरुष, असं गेलं तर मजूर येतील. एकसष्ट गेलं, तर पुन्हा नुसत्या गोणी येतील."

"आणि चटया?"

"चटयांना बंधारा बांधता येत नाही, आजी."

माझ्याशी या स्वरात गावात कोणी बोललेले नाही. बायकांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातल्या नऊजणींचे नवरे त्या रांगेत होते. मी रांगेकडे पाहिले. मग म्हणाले, "एकोणचाळीस पाठव."

तिने दवाखान्यातल्या रेडिओवरून आकडा सांगितला. मी शेजारीच उभी होते. पलीकडचा अधिकारी नम्र होता, म्हणून अधिकच कठीण होता.

"ताई, तुमची मोजणी चुकली आहे. मागे एकसष्ट होते. मृत्यूची एकही नोंद नाही, बेट सोडून गेल्याची नोंद नाही. बावीस माणसं जातील कुठे?"

"साहेब, मी स्वतः मोजलीत."

"मागची मोजणी फार काटेकोर होती. आम्ही नवीन लोकांना नमुना म्हणून तेच तक्ते दाखवतो. तुम्हालाही दाखवले असतील." तिने माझ्याकडे पाहिले नाही. "मृत्यूचे दाखले असतील तर पाठवा. देह पाहणाऱ्याची सही हवी. नाहीतर जुना आकडा कायम राहील."

दवाखान्याबाहेर ती पायरीवर बसली. "देह तर कोणीच पाहिले नाहीत."

"कोरे दाखले किती आहेत तुझ्याकडे?"

"आजी!"

"किती आहेत, ते विचारले."

सभाघरात मी माझ्या जागेवर बसले आणि साऱ्या गावादेखत एकेक नाव घेत गेले. देह कोठे दिसला: उत्तरेच्या खडकावर. कोणी पाहिला: मी. खाली सही. माझी सही शाळेच्या दाखल्यांवर असते तशीच, वळणदार. प्रत्येक सहीनंतर त्या घरातली बाई उठे, चटई गुंडाळे आणि भिंतीशी नेऊन ठेवी. रडण्याचा आवाज मी होऊ दिला नाही.

तेकाबूचा दाखला शेवटी आला.

"ओळखीची खूण?" तिरिआताने विचारले. तिची बोटे थांबली होती.

"डाव्या पायाची करंगळी नाही. लहानपणी खेकड्याच्या सापळ्यात तुटली."

तिने लिहिले. मग अगदी हळू म्हणाली, "आजी, खरंच पाहिलंस का गं त्यांना? कधी? मला न सांगता?"

अकरा वर्षे मी जे लिहिले, त्यावर तिचा विश्वास नव्हता. आजच्या खोट्यावर मात्र तिला विश्वास ठेवायचा होता.

"लिही, पाहिला म्हणून," मी म्हणाले. त्याची चटई मी स्वतः उचलली. ती हलकी असेल असे मला वाटले होते. खालच्या बाजूने ती ओली होती.

तिने बावीसही दाखले रेडिओवरून वाचून दाखवले. दुपारी उत्तर आले. बावीस मृत्यू नोंदले गेले, आकडा दुरुस्त झाला, बेटाचे नाव मजुरांच्या यादीत चढले. मजुरांची तुकडी पुढच्या जहाजाने निघेल, म्हणजे बेचाळीस दिवसांनी.

"उधाण बावीस दिवसांवर आहे," तिरिआता रेडिओत म्हणाली.

"ते आमच्या खात्यात येत नाही, ताई," तो म्हणाला.

आम्ही सभाघरात परतलो. भरतीची वेळ होती, तीही साधीच. तरी सगळे लोक उठून खांबांशी उभे होते. ज्या रांगेतून चटया उचलल्या होत्या, तेथे उघडी पडलेली बारीक वाळू काळी होत चालली होती. बाहेर किनारा कोरडाच होता. पाणी खालून, जमिनीतून वर येत होते. एका जागेवर आले, मग तिच्या शेजारच्या जागेवर. प्रत्येक जागेवर ताटाएवढे होऊन ते थांबत होते.

बाउरोंनी त्या ओल्या जागा मोजल्या. बावीस. मोजून झाल्यावर माझ्याकडे वळले.

"वहिनी," ते म्हणाले, "आले बघा सगळे."

त्यांचे बोलणे मी एरवी तोडते; या वेळी तोडले नाही. रांगेच्या टोकाला माझी स्वतःची चटई होती. तिरिआताने माझा दंड धरला आणि मला खांबाकडे ओढू लागली. मी तिचा हात सोडवला, जागेवर जाऊन बसले, आणि शेजारच्या, तेकाबूच्या रिकाम्या जागेतले पाणी माझ्या चटईच्या कडेला लागेपर्यंत हलले नाही.