उपाशी रक्ताची नळी

मित्रांनो, टेबलाच्या कोपऱ्यात फडक्याखाली झाकलेला, बिजागरी सैल झालेला जो डबा तुम्हाला दिसतोय, तो मी. मला सेंट्रिफ्यूज म्हणतात. रक्ताची नळी माझ्या पोटात ठेवून बटण दाबलं की मी गरगर फिरतो. तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर पाणी उरतं. माणसाच्या आतल्या साऱ्या उलाढालीचा हिशेब त्या पाण्यात असतो.

कारखान्यातून या तपासणी केंद्रात आलो तेव्हा मी असा चकचकीत होतो की रक्त काढणाऱ्या ताई माझ्यात बघून केस सारखे करायच्या. "आवाजसुद्धा करत नाही गं बाई!" असं माझं कौतुक व्हायचं. माझी अट एकच. एका बाजूला नळी ठेवली की समोर तेवढ्याच वजनाची दुसरी हवी. तोल गेला की मी टेबलासकट थरथरतो.

माणसांना मात्र तोल सोडूनही सरळ चेहऱ्याने बसता येतं. वर्षभर मनसोक्त खायचं आणि साखर तपासायच्या आधी आठवडाभर संन्यास घ्यायचा, साहेब येणार म्हणून कचेरी झाडून घ्यावी तसा! वर खुर्चीत बसून म्हणणार, "छे हो, नेहमीसारखंच जेवलो." ताई हसायच्या. मलाही गंमत वाटायची.

मग एक आई धाकट्या मुलीला घेऊन आली, आणि गंमत संपली.

तिच्या मोठ्या मुलीला मधुमेह होता. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मेल्या होत्या, आणि ते कळलं पोर बेशुद्ध पडल्यावर. धाकटीच्या पेशी शाबूत आहेत का, ते आता पाहायचं होतं. त्यासाठी रक्तातलं सी-पेप्टाइड मोजतात. सुतार लाकूड कापतो तेव्हा भुसा पडतो ना, तसं इन्सुलिन तयार होताना हे सुटतं. भुसा भरपूर, तर काम जोरात. भुसा नाही, तर एक तर सुतार गेला, नाहीतर त्याच्याकडे लाकूडच आलं नाही. साखर म्हणजे ते लाकूड.

"जेवली होती ना नीट?" ताईंनी विचारलं.

धाकटीने आईकडे पाहिलं.

"नेहमीसारखंच," आई पर्सची चेन उघडझाप करत म्हणाली.

डॉक्टरबाईंची खोली म्हणजे माझ्या टेबलामागचा पडदा. त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"सी-पेप्टाइड फारच कमी आलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण साखरही तळाला गेलीय. मुलगी उपाशी होती का?"

"नाही हो."

"बघा बरं. उपाशी नसेल, तर पेशी मरताहेत अशी शंका मला घ्यावी लागेल."

पर्सची चेन दोनदा वाजली. मग आई म्हणाली, "आठवडाभर पोटाला दिलंच नाही तिला. नुसत्या काकड्या. भूक भूक करून रडायची, तर मी दार लावून घ्यायचे."

"अहो, पण का?"

"मोठीला मीच गोड भरवलं. रडली की गोड, हसली की गोड. नंतर ती घटाघटा पाणी प्यायची, मलूल पडायची, तर 'अभ्यास नको म्हणून नाटकं' असं मीच ओरडायचे. एकीची वाट लावली. म्हटलं, दुसरीचं रक्त तरी चांगलं दिसू दे."

"गोडाने नाही हो झालं ते. शरीराचे पहारेकरीच घरच्या माणसांना, म्हणजे त्या इन्सुलिनच्या पेशींना, चोर समजून मारतात. त्यात तुमचा हात नाही."

"तुम्ही असं म्हणणारच," आई म्हणाली.

काही दिवस पोटभर खाऊ घालून तिने धाकटीला पुन्हा आणलं. सोबत मोठीही होती. मी नळी फिरवली, आणि खरं सांगतो, फिरताना इतकी धाकधूक मला कधी झाली नव्हती. या खेपेला भुसा भरपूर निघाला. पेशी शाबूत होत्या.

"आत्ता तरी काळजी नाही. अधूनमधून तपासत राहू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आईला हसू काही आलं नाही. "उगाच उपाशी मारलं गं तुला," ती धाकटीला कुरवाळत राहिली.

"आई," मोठी म्हणाली, "हिची माफी मागून झाली असेल तर जरा इकडेही बघ. गोड दिलंस त्याचा राग मला कधीच आला नाही. 'नाटकं' म्हणालीस ना, त्याचा आला होता."

आईने पर्स खाली ठेवली. "चुकलं गं माझं," ती म्हणाली. त्या वेळी तिने मान खाली घातली नाही. मोठीकडे बघून म्हणाली.

पुढे नवं यंत्र आलं आणि माझ्यावर फडकं पडलं. तक्रार नाही, अधूनमधून धूळ झटकली तरी पुष्कळ. पण मित्रांनो, एवढं ऐका. सुई टोचण्याआधी जे खाल्लं, जे नाही खाल्लं, ते खरं सांगा. आम्हा यंत्रांना नळीतलं तेवढंच कळतं. उपाशी रक्तसुद्धा मी गुमान फिरवलंच की! आणि घरातलं कुणी सारखं पाणी पीत असेल, कोमेजत असेल, तर त्याला नावं ठेवण्याआधी इकडे घेऊन या. रक्त तपासायला थेंबभर पुरतं. तोंडून गेलेला शब्द मात्र कुठल्याच यंत्रात घालून वेगळा काढता येत नाही.