चार अक्षरं आणि भाऊबीज

अनघाच्या लॅपटॉपवर ‘एसीएबी’ चिकटवलेलं दिसलं तेव्हा नीताला तो अकाउंटिंगचा एखादा कोर्स वाटला. मग लेकीने साग्रसंगीत समजावलं. सगळे पोलीस हरामखोर, असा त्याचा अर्थ. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडात संपकऱ्यांच्या आणि कैद्यांच्या तोंडी ते वाक्य होतं म्हणतात. कैदी त्याची आद्याक्षरं बोटांवर गोंदवून घेत, पुढे ती फुटबॉलच्या मैदानांतून आणि मोर्च्यांतून जगभर गेली. नीताने कपाळाला हात लावला. सिंगापूरमध्ये राहून हे धंदे! पण कॉलेजचं वय आहे, निवळेल, म्हणून तिने विषय सोडला.

विषयाने तिला सोडलं नाही. धाकट्या वरुणची, सिंगापुरात मुलांना करावीच लागते ती दोन वर्षांची सक्तीची राष्ट्रसेवा सुरू झाली आणि नेमणूक झाली ती नेमकी पोलिसात. त्याने काही ती मागून घेतली नव्हती, पण अनघाला कोण सांगणार? तिच्या मैत्रिणीला, परवान्याशिवाय फलक घेऊन एकटी उभी राहिली म्हणून, पोलिसांनी नुकतंच चौकशीला बोलावलं होतं. भावंडांचं बोलणंच बंद झालं. भाऊबीजेला वरुण सुट्टीवर यायचा होता, आणि अनघाने आदल्या दिवशीच जाहीर केलं की ती ओवाळणार नाही. नीताला रडू फुटलं. बेडोक भागातल्या याच फ्लॅटमध्ये दोघं एका ताटात जेवून वाढली होती.

वरुण आला, आंघोळ करून मुकाट पाटावर बसला. अनघा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. गप्प बसणं नीताच्या स्वभावात नाही, पण त्या दिवशी तिने ते जमवलं.

“सगळे म्हणजे मीही ना, ताई?” वरुणने विचारलं.

“हो. उद्या माझ्या मैत्रिणीला उचलायला तुला पाठवलं तर?”

“जावं लागेल. पण रिपोर्टमध्ये घडलं तेवढंच लिहीन. पदरचं काही नाही.”

“मी माझा शब्द मागे घेणार नाही.”

“नको घेऊस. मी तसा वागलो तर तोंडावर म्हण. आता ओवाळ लाह, भूक लागली आहे,” वाक्याला सिंगापुरी ‘लाह’ जोडत तो म्हणाला.

अनघाला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. तिने ताम्हन उचललं, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. त्याने खिशातून पाकीट काढलं, तर तिने त्याचा हात धरला.

“ते नको. दर सुट्टीला घरी येऊन मला सगळं सांगायचं. लाज वाटेल तेसुद्धा.”

“ते आधी सांगेन,” वरुण म्हणाला.