रिकाम्या गावाची सभा

"आपापल्या गावाची सभा आज इथेच भरवायची," प्रशिक्षक म्हणाला, आणि हॉलमधल्या सगळ्या सरपंच-सदस्यांच्या माना एकदम वह्यांत गेल्या. माणूस सरपंच झाला काय आणि मंत्री झाला काय, फळ्यापाशी बोलावतील ही भीती काही त्याच्या अंगातून जात नाही. एकाने सभा घ्यायची आणि बाकीच्यांनी त्याचे गावकरी व्हायचे, असा तो सराव होता. आधी कोण येणार असे विचारल्यावर वहिनींच्या शेजारी शेंगदाणे खात बसलेल्या जाड्या सरपंचांनी सरळ वहिनींकडे बोट दाखवले. "या बाई. आल्यापासून तोंडाला कुलूप आहे यांच्या. बघू तरी, गाव कसं आहे यांचं."

वहिनी उठल्या. हे नाव त्यांच्या गावाने त्यांना दिले होते. नवऱ्याला लहानथोर सगळे भाऊ म्हणत, म्हणून त्या वहिनी. अख्खे गाव वहिनी म्हणे, आणि हल्ली ते म्हणायला पंचायतीचा शिपाई तेवढा एकटा उरला होता. ही गोष्ट त्यांनी हॉलमध्ये कोणालाही सांगितली नव्हती. समोरच्या खुर्च्यांकडे बघत त्या फळ्यापाशी गेल्या, आता माघार घेऊन चालणार नव्हते.

त्यांचे गाव डोंगरावर. गावाच्या माथ्यावर झरा होता, झऱ्याखाली टाकी, आणि टाकीचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडायचे काम भाऊंचे. एका उन्हाळ्यात झरा आटला तो पुन्हा वाहिलाच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण माणसांची आशा चिवट. पाणी आले की आवाजाने कळावे म्हणून प्रत्येकाने आपल्या अंगणातला नळ उघडाच ठेवला. भाऊही व्हॉल्व्ह बंद करायला तयार नव्हते. पाणी परत येईल तेव्हा त्याला दार लावलेले दिसू नये, असे ते म्हणत. पुढच्या थंडीत भाऊ गेले. मग एकेक घर खाली मोठ्या रस्त्याकडेच्या वस्तीत जायला लागले. जाताना जो तो वहिनींना सांगून गेला, पाणी आले की निरोप धाडा, दुसऱ्या दिवशी हजर होतो. मागे राहिल्या त्या वहिनी आणि शिपाई, दोघांपुरते पाणी नदीवरून हंड्याने वर आणत. शिपाई का राहिला असे विचारले तर तो म्हणे, मला कोणी चल म्हणालेच नाही.

आता व्हॉल्व्ह उघडा, टाकी कोरडी आणि घराघरांतले नळ उघडे. दुपार कलली की डोंगरावरचा वारा टाकीत शिरे, नळांतून खाली उतरे आणि सगळे गाव घुमू लागे. शिंप्याच्या अंगणातून बारीक शिट्टी येई. मास्तरांचा नळ लांबलचक हुंकार भरी. काकूचा नळ थांबून थांबून खोकल्यासारखा वाजे, आणि काकूला खोकला होताच. वहिनींना आवाजावरून घर ओळखता येई. पहिल्यांदा ऐकले तेव्हा अंगावर काटा आला होता. पुढे पुढे त्या संध्याकाळी ओट्यावर बसून, काय काकू, आज बरं नाही वाटतं, असे बोलूही लागल्या. शिपाई मात्र कानात कापूस घालून फिरे. वारा आहे हे त्यालाही कळत होते. कळत होते म्हणून भीती जात नाही.

अशात लहान गावांसाठी निधीची योजना निघाली. नदीवरून पाणी वर आणता येणार होते. अट एवढीच की सरपंचाने प्रशिक्षण घ्यायचे आणि गावसभेचा ठराव द्यायचा. वहिनींच्या मनात एकच गणित होते. पाणी आले की माणसे येतील, त्यांनी शब्द दिला आहे. त्या शब्दावर विसंबून त्या गावच्या सरपंच म्हणून आपली पिशवी घेऊन या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात आल्या होत्या.

"आधी गावकरी वाटून द्या," प्रशिक्षक म्हणाला. पोरगेला दिसत असला तरी चांगला होता, घाई करत नसे.

वहिनींनी गावकरी वाटायला सुरुवात केली. जाड्या सरपंचांना त्यांनी शिंपी केले आणि शिंपी सभेतही तोंडात सुया धरून बोलतो असे बजावले. सरपंचांनी लगेच ओठ आवळून दाखवले, सगळे हसले. एका निवृत्त सैनिकाला मास्तरकी मिळाली. कोपऱ्यात एक तरुण सदस्य बाई बसत असे, ती आपण होऊन म्हणाली, "काकू मी होते." वहिनींनी तिच्याकडे नीट पाहिले. ती खालच्या पंचायतीची होती, रस्त्याकडेची वस्ती तिच्याच वॉर्डात. म्हणजे तिला सगळे ठाऊक होते, आणि ती इतके दिवस गप्प राहिली होती.

एकेक खुर्ची भरत गेली. हा गवंडी, नेहमी उशिरा येतो. ही त्याची बायको, त्याच्यावर चिडलेली. तुम्ही दुकानदार, सभेत झोपता. वहिनींचा आवाज मोकळा होत गेला, चेहऱ्यावर रंग आला. समोर सगळे जण परत आपापल्या जागी बसले आहेत असे त्यांना क्षणभर खरेच वाटले, आणि जीव भांड्यात पडला.

मागून एक म्हातारबा उभे राहिले. कुठल्याशा लांबच्या खेड्याचे पंच होते, काठी टेकत चालत. "मला नाही दिलंत काही. मी कोण?"

वहिनी काही ठरवायच्या आत बोलून गेल्या. "तुम्ही पाणी सोडणारे."

म्हातारबा मान डोलवून खाली बसले. त्यांना काय कल्पना.

सभा सुरू झाली. नियमाप्रमाणे वहिनींनी विषय सांगितला. नदीवरून पाइप टाकायचा आहे, निधी मिळण्यासारखा आहे. नंतर प्रशिक्षकाने शिकवले होते तसे खर्चाचे बोलायचे, त्याऐवजी त्यांनी विचारले, "पाणी आलं तर तुम्ही परत याल ना?"

"परत म्हणजे?" प्रशिक्षकाने विचारले.

"सगळे खाली गेलेत. गावात आम्ही दोघंच आहोत. मी आणि शिपाई."

जाड्या सरपंचांनी तोंडातले शेंगदाणे न चावता तसेच धरले. पुष्कळांच्या गावातून माणसे जात होती, तिथे कोणालाच हसू आले नाही. प्रशिक्षकाने खडू खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, की सभा चालू आहे, गावाने उत्तर द्यावे.

जाडे सरपंच आधी काहीतरी विनोद करायला उठले होते. पण उभे राहिल्यावर त्यांचा सूर बदलला. माझे दुकान आता रस्त्याला लागून आहे, येणारी-जाणारी गाडी थांबते, वर येऊन मी कोणाचे कपडे शिवू, असे त्यांनी विचारले, आणि विचारताना ते स्वतःच ओशाळले. मास्तर झालेला सैनिक म्हणाला की शाळा पोरांच्या मागे जाते, मास्तर शाळेच्या मागे. गवंडी झालेला कोणी बोलला, त्याची बायको झालेली बोलली. आपापल्या गावात हीच उत्तरे त्यांनी ऐकलेली होती, त्यामुळे कोणाला काही सुचवायची गरज पडली नाही. वहिनी प्रत्येकाला म्हणत होत्या, अहो, पण तुम्ही म्हणाला होता. मग म्हणेनाशा झाल्या.

तरुण सदस्य उठली. ती काकूचा आवाज काढायला गेली नाही, काकूचेच म्हणणे साध्या आवाजात बोलली. "वहिनी, मी नाही यायची. नातवंडांची शाळा तिकडे आहे. तिकडेही पाणी नाही, ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. टँकर आला की या वयात हंडा घेऊन पळते. परवा पडले, गुडघा सुजलाय. तरी नाही यायची. तुम्हाला तोंडावर सांगायला मात्र लाज वाटते, म्हणून निरोप धाडत नाही."

वहिनी टेबलाला धरून उभ्या राहिल्या. इतके दिवस त्या निरोप द्यायची वाट बघत होत्या. खाली तहानलेली माणसे तोंड चुकवत होती, हे त्यांच्या डोक्यातही आले नव्हते. काकूचा नळ रोज खोकत होता, आणि काकू रस्त्यावर पडली होती.

"मला नाही विचारलंत," मागून म्हातारबा म्हणाले.

त्यांना विचारायचे वहिनींनी टाळलेच होते. आताही त्या दुसरीकडेच बघू लागल्या. म्हातारबांना वाटले, बाई विसरल्या, तेव्हा ते काठीवर हात ठेवून आपल्या आपणच बोलू लागले. "मी कुठे जातोय? मी आहेच वर. पण बाई, पाणी सोडायचं म्हणजे पलीकडे कोणीतरी भांडं धरायला लागतं. तुम्ही एकट्या किती भांडी धरणार?"

वहिनींना रडू फुटले. भरल्या हॉलमध्ये, पदराआड वगैरे न करता त्या रडल्या. म्हातारबा बावरले, आपले काय चुकले म्हणून शेजाऱ्याला विचारू लागले. कोणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला. वहिनींनी तो सगळा प्यायला, डोळे पुसले आणि प्रशिक्षकाला विचारले, "हाच निधी खालच्या वस्तीला वापरता येतो का?"

त्याने खरे ते सांगितले. दोन्ही पंचायतींनी मिळून मागणी केली तर येतो. मात्र मग वर कोणी राहत नाही हे कागदावर लिहावे लागते, वरचे गाव खालच्यात विलीन होते आणि त्याचे नाव जाते. बाई, घाई करू नका, असेही तो म्हणाला.

"नावाला काय पाणी पाजायचंय?" वहिनी म्हणाल्या. "ज्यांना हे पटतं त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. जाड्या सरपंचांचा गेला, मास्तरांचा, काकूचा. म्हातारबांचा हात शेवटी, काठी दुसऱ्या हातात घेऊन, वर गेला. वहिनी त्या हाताकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी सभा संपल्याचे जाहीर केले.

खरी सभा पुढे वस्तीतल्या शाळेत झाली. शिंप्याने तेच सांगितले, फक्त तोंडात सुया होत्या. काकू सुजल्या गुडघ्याने भिंतीला टेकून बसली होती. तिने वहिनींचा हात धरला तो सभा संपेपर्यंत सोडला नाही. वहिनींना तिथे खोली मिळाली, शिपायाला खालच्या पंचायतीत काम मिळाले. ठराव झाला, मागणी गेली, मंजुरी आली आणि रस्त्याकडेला पाइप येऊन पडले.

त्यानंतर वहिनी सामान न्यायला वर आल्या. सामान असे फारसे नव्हतेच. शिपायाने पंचायतीची पाटी उतरवून पोत्यात गुंडाळली आणि कानात कापूस घालून ओट्यावर बसला. दुपार कलली होती, वारा सुटला होता. गाव घुमत होते.

वहिनी टाकीकडे चढून गेल्या. व्हॉल्व्हच्या चाकाला भाऊंनी गुंडाळलेली चिंधी अजून तशीच होती. उन्हात लोखंड तापते, हात भाजतो, म्हणून ती गुंडाळलेली. चाक गंजले होते. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, ते हलेना. "सोडा आता," त्या कोणालातरी म्हणाल्या आणि पुन्हा जोर लावला. चाक करकरले आणि फिरले.

आधी शिंप्याची शिट्टी बारीक होत गेली. मास्तरांचा हुंकार अर्ध्यावर राहिला. काकूचा नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. सगळ्यात शेवटी एकच नळ वाजत राहिला, अगदी हलका, झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढा. तो त्यांच्या स्वतःच्या अंगणातला होता. इतरांच्या गलक्यात तो त्यांना कधी ऐकूच आला नव्हता. वहिनी चाकावर हात ठेवून ऐकत राहिल्या. पुष्कळ वेळ ऐकले. मग त्यांनी उरलेला वेढा फिरवला.

फिरवताना चिंधी सुटली होती. ती त्यांनी पुन्हा घट्ट गुंडाळली, गाठ मारली आणि खाली उतरल्या.

शिपाई पोते खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्यातला, आणि गावाकडे कान देऊन थोडा वेळ ऐकले.

"वहिनी," त्याने दबक्या आवाजात विचारले, "गेले का सगळे?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "पोचवून आले."