कुणाच्याच हाती न लागलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी चर्चच्या दाराशी ठेवलेली एक जुनी लाकडी पेटी आहे. बाके करून उरलेल्या फळ्यांतून एका सुताराने मला बनवले. माझे काम सोपे आहे. ज्याचे मन जड झाले असेल त्याने आपले दुःख चिठ्ठीवर लिहून माझ्यात टाकायचे, नाव लिहायचे नाही. रविवारी उपासना संपली की प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि आठवडाभर त्या माणसासाठी प्रार्थना करायची. मग पुढच्या रविवारी चिठ्ठीखाली 'प्रार्थना केली' असे लिहून ती भिंतीवरच्या फळ्यावर टाचायची. लिहिणाऱ्याला तेवढाच धीर येतो.

पूर्वी माझे कोण कौतुक! पाळकसाहेब पाहुण्यांना आधी मला दाखवत. दरवर्षी मला नवे पॉलिश मिळे. आत हात घालून मात्र कुणी पाहिले नाही. माझा तळ केव्हाच उकलला होता. बडा घर पोकळ वासा, दुसरे काय!

एका शनिवारी शिवणकाम करणारी एक बाई आली. तिची सात वर्षांची लेक बारा दिवसांपासून दवाखान्यात बेशुद्ध होती. तिने उभ्या उभ्या लिहिले, 'माझ्याच्याने आता प्रार्थना होत नाही. माझ्या लेकीसाठी कुणीतरी करा.' ती चिठ्ठी नेमकी माझ्या तळाच्या फटीत शिरली. दुसऱ्या दिवशी कितीतरी हात आत आले. अहो, अजून एक आहे, असे मी मनातल्या मनात ओरडत राहिले. पण लाकडाला कुठली वाचा?

पुढच्या रविवारी तिने फळ्यावरची एकेक चिठ्ठी पाहिली. मग झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या काकांना म्हणाली, "काका, माझीच चिठ्ठी कुणाला नको होती का? देवालाही नको असेल."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

काकांनी मला उलटे करून हलवले. शेवटी तिच्याच कात्रीच्या टोकाने फट उचकटली, तेव्हा चिठ्ठी निघाली. ती वाचून त्यांनी कपाळावर हात मारला.

"चुकलं गं पोरी. इतकी वर्षं पॉलिश मीच करतोय, पण आत कधी बघितलंच नाही."

दोघे पायरीवर बसले.

"मला पाळकांसारखं बोलता येत नाही," काका म्हणाले. "प्रभू, हिच्या लेकीला सांभाळ. पोरी, तू नुसतं आमेन म्हण. जमेल?"

आमेन तिने म्हटलेच नाही.

"प्रभू," ती म्हणाली, "तिला अंधाराची फार भीती वाटते. तिच्याजवळ थांब." आणि तिला हुंदका फुटला.

लेक अजून शुद्धीवर आलेली नाही. आई रोज सकाळी येते आणि काका तिच्याशेजारी बसतात. माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

मित्रांनो, मला पॉलिश नको, माझा तळ तेवढा नीट करा. आणि कुणी म्हणाले, 'मला आता प्रार्थना जमत नाही', तर त्याला उपदेश करू नका. त्याच्या शेजारी बसा आणि पहिला शब्द तुम्ही उच्चारा.